मैत्रिणीसोबत कुठे बसावं, कोपऱ्यावरचं हॉटेल की कॉफी शॉप?

भूक लागली असेल तर प्रश्नच नाही, हॉटेल. ताटं लवकर येतात, एकमेकींच्या ताटातलं उचलता येतं आणि तोंडात घास असताना गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. बऱ्याच दिवसांनी भेटणाऱ्या मैत्रिणीबरोबर मला हेच बरं वाटतं. पहिली दहा मिनिटं जेवणच सांभाळून घेतं. अडचण गर्दीच्या वेळेची. दाराशी लोक ताटकळत असतील तर हात धुऊन उठावंच लागतं, आणि उठावंही.

कॉफी शॉपमध्ये एका कपावर तासभर बसता येतं. मनातलं काही सांगायचं असेल तर हा निवांतपणा फार मोलाचा. माझी मैत्रीण रिकाम्या कपाच्या कडेवरून बोट फिरवायला लागली की मी ओळखते, आता खरं बोलणं येणार. तेव्हा घाई केली तर ते निसटतं.

पण आवाज बघूनच टेबल धरा. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. भोवती गोंगाट वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार यांनी हे १९११ मध्ये मांडलं. प्रत्येक टेबल असं चढ्या आवाजात बोलू लागलं की कुजबुज संपली. म्हणून ग्राइंडर आणि काउंटरपासून लांब, भिंतीकडेचा कोपरा.

भेट रात्री उशिरा असेल तर मात्र मी पुन्हा हॉटेलकडेच वळते. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला सरासरी ५ तास लागतात, आणि मला सकाळी लवकर उठायचं असतं.