वरच्या मजल्यावरील पाण्याचा दाब: प्रेशर पंपाचा वर्षभराचा अनुभव

नागपुरातील आमच्या दुमजली घरात वरच्या शॉवरमधून पाणी कसेबसे ठिबकत असे, आणि उन्हाळ्यात कूलर भरायला नळी लावली की न्हाणीघरातला नळ जवळजवळ बंदच पडे. गच्चीवरील टाकीनंतरच्या लाइनवर फ्लो स्विचचा (पाणी वाहू लागले की आपोआप चालू होणारा) अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप बसवून आता वर्ष होत आले. पंपाबद्दल मी समाधानी आहे. मात्र त्याआधी झालेल्या पाइपच्या कामाचा वाटा अधिक मोठा आहे, असे माझे मत आहे.

दाब टाकीच्या लिटरवर नव्हे, तर पाण्याची पातळी नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. आमच्या टाकीतली पातळी वरच्या शॉवरपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच असल्याने तेथे 0.15 बारच मिळत होता, तर खालच्या मजल्याला एका मजल्याची उंची फुकटात मिळून त्याच्या तिप्पट. टाकी लोखंडी स्टँडवर चढवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. पण मीटरभर उचलून 0.1 बारच वाढला असता आणि 1,000 लिटरच्या भरलेल्या टाकीचे एक टन वजन जुन्या स्लॅबवर आणखी उंच नेणे मला पटले नाही.

प्लंबरने जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन कापली तेव्हा अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढेच भोक उरलेले दिसले. बाकी सगळा गंज आणि बोअरच्या पाण्याचे पांढरट क्षार. गेट व्हॉल्व्हची चकती दांड्यापासून सुटून आत अर्ध्यावर अडकली होती, त्यामुळे बाहेरचे चाक कितीही फिरवले तरी फरक पडत नव्हता. टाकीपासून एक इंची आणि न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप टाकून, नवे बॉल व्हॉल्व्ह बसवल्यावर सहा मिनिटांत भरणारी वीस लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरू लागली. ज्यांना बादलीनेच आंघोळ करायची आहे, त्यांनी येथेच थांबून पैसे वाचवावेत.

पंपानंतर तीच बादली दीड मिनिटात भरते आणि शॉवर खऱ्या अर्थाने शॉवर झाला आहे. वीज गेल्यावर पाणी अडू नये म्हणून पंपाला वळसा घालणारी नळी म्हणजे बायपास ठेवला असून त्यावर स्प्रिंगचा नव्हे, झडपेचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) घेतला, कारण इतक्या कमी दाबाला स्प्रिंग धड उघडतच नाही. फ्लो स्विच निवडण्याचे कारण असे की प्रेशर स्विचचा, म्हणजे लाइनमधला दाब घसरला की चालू होणारा पंप एखादी तोटी गळत असली तरी रात्रभर चालू-बंद होत राहतो.

तक्रारी आहेतच. फ्लशची टाकी भरत आली की प्रवाह इतका बारीक होतो की पंप दोन-तीनदा दचकल्यासारखा चालू होऊन थांबतो, आणि त्याची घरघर खालच्या खोलीत रात्री ऐकू येते. पंपाखाली रबराचे पॅड आणि जोडणीला लवचिक नळी दिल्यावर ती बरीच कमी झाली. मे महिन्यात दुपारी टाकीतले पाणी अंग भाजेल इतके तापते, तेव्हा जोरदार शॉवर हे सुख राहत नाही, पण त्याचा दोष पंपाला देता येणार नाही. पंपावर मात्र हवा खेळेल असे टिनाचे छप्पर हवेच.

असा पंप थेट महापालिकेच्या नळजोडणीवर कोणीही लावू नये. ते नियमबाह्य तर आहेच, शिवाय शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते आणि गळक्या सांध्यांतून बाहेरची घाणही लाइनमध्ये शिरते. आमच्यासारखे बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी पंपाआधी गाळणी अवश्य बसवावी आणि ती शॉवरच्या जाळीबरोबर दर महिन्याला उघडून धुवावी.