भुरीचं औषध डाऊनीवर: दिंडोरी रोडच्या एका कृषी सेवा केंद्राचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पंचवटी सोडून दिंडोरी रोडला लागलं की अशी बरीच दुकानं दिसतात, त्यातलंच एक. सहा वर्षं माझी तीन एकर थॉमसन द्राक्षबाग तिथल्या औषधांवर आहे. पक्कं बिल मिळतं, त्यावर बॅच नंबर असतो, मुदत संपत आलेला माल गळ्यात मारत नाहीत. उधारी म्हटलं की शेठ तोंड वाकडं करतात, पण देतात.

तक्रार काउंटरची आहे. मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर सलग चार दिवस पाऊस लागला. पानांवर तेलाचा थेंब सांडावा तसे पिवळट डाग आले, खालून पांढरी लव. म्हणजे डाऊनीच, पानाच्या खालून लव धरणारा द्राक्षाचा रोग. शेठ जेवायला गेले होते. पोराला एवढंच म्हटलं, "पानावर पांढरं आलंय." ही माझी चूक. त्यानं हेक्झाकोनॅझोलची बाटली पुढे सरकवली. "दादा, बुरशीनाशकच आहे, बिनधास्त मारा." फवारणीचा ब्लोअर भाड्याचा, वर आभाळ भरलेलं. घेतली, निघालो, मारलं. लेबल वाचलं ते रात्री: औषध भुरीचं, म्हणजे पानावर वरून राखेसारखी पांढरी पूड येते त्या रोगाचं. नाशिकच्या आरवायके कॉलेजला केमिस्ट्री शिकलोय, हे कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

कारण त्या औषधाचं काम मला माहीत होतं. पेशीचा पडदा म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. नुसत्या अशा रेणूंचा पडदा उष्णतेत सैल पडून पाझरतो, थंडीत थिजतो. त्याला ताळ्यावर ठेवतं स्टेरॉल. चार कड्यांची चपटी, ताठ फळीच ती. एका टोकाचा हायड्रॉक्सिल पाण्याकडे ठेवून शेपट्यांमध्ये उभी शिरते. वळवळणाऱ्या शेपट्या तिला टेकून सरळ होतात, दाटीनं बसतात, पडदा थोडा जाड होतो आणि पाझर कमी होतो. गारठ्यात तीच फळी शेपट्यांना एकमेकींना घट्ट चिकटून गोठू देत नाही. आपल्या अंगात हे काम कोलेस्टेरॉल करतं. लाल रक्तपेशीच्या पडद्यात दर 10 स्निग्ध रेणूंत 4 तरी तेच असतात. बुरशीत एर्गोस्टेरॉल आणि त्याची भावंडं.

हेक्झाकोनॅझोल हे ट्रायझोल गटातलं बुरशीनाशक. ते थेट पडद्याला हात लावत नाही. स्टेरॉल घडताना 14 व्या कार्बनवरचा मिथिल गट छाटणारं एन्झाइम ते अडवतं. मिथिल तसाच राहतो, म्हणजे रंधा न फिरवलेली फळी, वर खिळा निघालेला. शेपट्या तिला नीट टेकत नाहीत, फटी राहतात, पडद्याची घडी बिघडते आणि भुरीची वाढ खुंटते. नायट्याला लावतो ती क्लोट्रिमॅझोलची ट्यूबही याच जागी वार करते.

डाऊनीला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही, शेवाळांच्या नात्यातली आहे. स्टेरॉल ती स्वतः बनवतच नाही. मग अडवणार काय, कपाळ?

तिसऱ्या दिवशी डाग दुप्पट. पान घेऊन दुकानात गेलो. शेठनी ते उलटं केलं, अंगठ्यानं लव पुसली आणि काही न बोलता पोराकडे बघितलं. मग डायमेथोमॉर्फ आणि मँकोझेब काढून दिलं. डायमेथोमॉर्फ डाऊनीच्या पेशीभित्तिकेवर चालतं, तिथे स्टेरॉलचा प्रश्नच येत नाही. डाग वाळले, पण कडेच्या दोन ओळींचे कोवळे घड गेले ते गेलेच. एक तारा त्याचा कापला. अर्धा यासाठी, की दुसऱ्या औषधाचे पैसे शेठनी पूर्ण घेतले, वर चहा पाजला.

तरी दुकान सोडलेलं नाही. जायचं तर दुपारी एक ते तीन टाळून जा, शेठ गल्ल्यावर असताना. पान सोबत न्या, फोटो नको, फोटोत खालची लव दिसत नाही. आता पोरगाही पहिलं हेच विचारतो, "वरून का खालून?"

फोडलेली बाटली परत कोण घेणार, म्हणून उरलेली शेडमध्ये ठेवली होती. डिसेंबरात घडांवर राखेसारखी भुरी दिसली, तेव्हा काढणीआधीचे दिवस मोजून तीच मारली. आठवड्यात भुरी थांबली.