टॅब कीबोर्डला जोडायचा: केबल, ब्लूटूथ की वाय-फाय?

नवा टॅब घेतला की आमच्या वादक मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कीबोर्डला जोडायचा कसा? रस्ते तीन. साधी यूएसबी केबल, ब्लूटूथ मिडी, आणि राउटरवरून जाणारा नेटवर्क मिडी. (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूचना पाठवायची भाषा.) दुकानात विचारलं तर ‘तिन्ही चालतात’ असं सांगतात, आणि ते खरंच आहे. पण नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये चालणं वेगळं आणि कालिदास कलामंदिरात भरल्या प्रेक्षागृहापुढे चालणं वेगळं.

म्हणून आधी टॅबकडून काम कोणतं हवंय ते ठरवा. पहिला प्रकार असा की बोटं कीबोर्डवर आणि आवाज टॅबमधला. ॲपमधला पियानो किंवा स्ट्रिंग्ज तुम्ही कीबोर्डच्या पट्ट्यांवरून वाजवता. दुसऱ्या प्रकारात आवाज कीबोर्डचाच, टॅब फक्त हुकूम देतो. गाण्यांची यादी टॅबवर असते, पुढचं गाणं उघडलं की बासरीचा टोन जाऊन अकॉर्डियन येतो. टोन बदलायला २०-३० मिलिसेकंद जास्त लागले तर कुणालाच कळत नाही. स्वर तेवढा उशिरा आला तर बोटांना लगेच कळतं.

मिडीतून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात: कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली. १९८३ पासूनची पाच पिनांची केबल सेकंदाला ३१,२५० बिट नेते, म्हणजे एका स्वराच्या सूचनेला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पुढचं सगळं या एका मिलिसेकंदाशी ताडून बघायचं.

मात्र उशिराचा बाऊ करू नका. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत जेमतेम साडेतीन मीटर जातो. तबलावादक स्टेजच्या दुसऱ्या टोकाला बसले असतील तर त्यांचा ठेका आपल्यापर्यंत तेवढा उशिरा येतोच, आणि तरीही आपण सम गाठतो. सारखा राहणारा उशीर हाताच्या अंगवळणी पडतो. एका स्वराला ५ आणि पुढच्याला ३० मिलिसेकंद लागले, तर मात्र कितीही रियाज करा, तो अंगवळणी पडणार नाही. या चढउताराला जिटर म्हणतात. तिन्ही रस्त्यांतला खरा फरक मला इथे दिसतो.

केबल

कीबोर्डच्या मागे बहुधा प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी तोंड असतं. टॅबला टाइप-सी असेल तर सी-टू-बी केबल थेट लागते आणि ती काहीशे रुपयांत मिळते. जुन्या लायटनिंगच्या आयपॅडला कॅमेरा ॲडाप्टर लागतो. चार्जिंगचं तोंडही असलेला घ्या, नाहीतर मध्यंतरापर्यंत बॅटरी संपते. रोलँडच्या काही कीबोर्डांत यूएसबी ड्रायव्हरसाठी ‘व्हेंडर’ आणि ‘जेनेरिक’ असे दोन पर्याय असतात. टॅबसाठी जेनेरिक निवडा आणि कीबोर्ड बंद करून पुन्हा सुरू करा. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक चांगली केबल परत करून येतात, याचं मला वाईट वाटतं.

केबलची अडचण दुसरीच आहे. नव्या टॅबला तोंड एकच, आणि २०२२ च्या दहाव्या पिढीपासून साध्या आयपॅडलाही हेडफोनचं भोक नाही. आवाज टॅबमधून काढायचा असेल तर मिक्सरकडे जाणारी वायर, चार्जर आणि मिडी या तिघांना एकाच तोंडातून वाट काढावी लागते. मग एका तोंडाची अनेक तोंडं करणारा हब घ्यावा लागतो, आणि हबवर हात राखून खर्च करू नये. काही यामाहा कीबोर्डांत त्याच यूएसबी केबलमधून टॅबचा आवाजही कीबोर्डमध्ये येतो. तुमच्याकडे तसा असेल तर पुढचं न वाचता केबल घ्या.

ब्लूटूथ

आयपॅडवर ब्लूटूथ मिडी २०१४ मध्ये आला, अँड्रॉइडवर २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून. इथे सूचना सुटी सुटी जात नाही, ठरावीक अंतराने निघणाऱ्या फेरीत बसून जाते. दोन फेऱ्यांमधलं अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद, प्रत्यक्षात बरेचदा जास्त. संथ भावगीताला, शिकवणीला, घरच्या रियाजाला हे पुरतं. लावणीच्या चालीवर झपझप तुकडे वाजवायचे असतील तर मला पुरत नाही.

जुन्या, पाच पिनांच्या वाद्यांसाठी यामाहाच्या एमडी-बीटी०१ सारखा छोटा ॲडाप्टर येतो. तो वीजही मिडी आउटमधूनच घेतो, त्यामुळे वेगळा चार्जर लागत नाही. जोडताना टॅबच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नाव शोधत बसू नका. ॲपच्या आतल्या ब्लूटूथ मिडीच्या पानावरून जोडा. आणि मिडी कोणत्याही रस्त्याने आणा, ऐकायला ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर वापरू नका. तिथे शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर सहज होतो आणि दोष बिचाऱ्या मिडीवर जातो.

नेटवर्क मिडी

आयपॅडमध्ये ही सोय २०१० पासून आहे, मॅकमध्ये त्याआधीपासून. विंडोजवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, अँड्रॉइडवर वेगळं ॲप. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या कीबोर्डला बहुधा वाय-फाय नसतं. मध्ये पूल लागतो: टॅबकडून राउटर, तिथून लॅपटॉप, लॅपटॉपमधून यूएसबीने कीबोर्ड. नाहीतर आयकनेक्टिव्हिटीच्या एमआयओएक्सएलसारखी, लॅनचं तोंड असलेली मिडी पेटी घ्यायची. एका कीबोर्डसाठी एवढा संसार थाटू नये. पण खोलीत तीन-चार वाद्यं, रेकॉर्डिंगचा लॅपटॉप आणि टॅब असा पसारा असेल, तर याच्यासारखं सुख नाही. गायकाच्या बूथमध्ये उभं राहून हातातल्या टॅबवरून बाहेरच्या सिंथेसायझरचा टोन बदलता येतो.

राउटरला इंटरनेट असायची गरज नाही, तो फक्त दोघांना एकमेकांशी बोलू देतो. लॅपटॉप लॅन केबलने जोडला की हवेतला अर्धा प्रवास वाचतो. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा वापरा. ‘गेस्ट’ नेटवर्कवर बहुधा एक उपकरण दुसऱ्याला दिसतच नाही. आयओएस १४ पासून ॲपला लोकल नेटवर्कची परवानगीही द्यावी लागते. ती एकदा नाकारलीत तर यादी रिकामीच दिसते आणि माणूस तासभर राउटरशी झगडत बसतो.

हवेतून सूचनांचं एखादं पाकीट हरवलं तर पुढच्या पाकिटातल्या नोंदीवरून सावरायची व्यवस्था या पद्धतीत आहे. पण अख्खी जोडणीच तुटली तर त्या व्यवस्थेचाही इलाज चालत नाही. गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर स्वागत समारंभात मी हे अनुभवलं. दुपारी चार वाजता साउंड चेक निर्विघ्न झाला. साडेआठला मांडव भरला, शेकडो फोन हवेत आले आणि माझा राउटर गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर होता. गायिकेने अंतरा उचलला आणि माझा स्ट्रिंग्जचा एक स्वर अडकून राहिला. पट्टी सोडल्याची सूचना टॅबपर्यंत पोचलीच नव्हती. ॲप बंद करेपर्यंत तो कोमल गांधार शुद्ध गांधाराच्या ओळीखाली वाजत राहिला. ती गात राहिली हा तिचा मोठेपणा. त्या दिवसापासून स्टेजवर माझा स्वर केबलनेच जातो.

टोन बदलण्याचं काम मात्र मी स्टेजवरही ब्लूटूथवर सोपवतो, कारण तिथे एखादी सूचना चुकली तर हाताने बटण दाबता येतं. यादी बांधताना एक बघा: काही ॲप टोनचे क्रमांक ० पासून मोजतात, कीबोर्ड १ पासून. सगळे टोन एकाने सरकलेले दिसले तर बिघाड काही नाही, मोजणीचा फरक आहे. बँकही, म्हणजे टोनच्या गटाचा क्रमांक, आधी पाठवावी लागते, नाहीतर क्रमांक बरोबर असूनही भलत्याच पेटीतला टोन उघडतो.

पैसे खर्च करण्याआधी कुणाकडून तरी एक संध्याकाळ उसनं सामान आणा. टॅबच्या सिक्वेन्सरमध्ये (भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणारं ॲप) मिनिटाला १२० मात्रांच्या लयीवर एकाच स्वराचे सोळांश, म्हणजे मात्रेला चार, भरा आणि ते ठरवलेल्या रस्त्याने कीबोर्डकडे पाठवा. कीबोर्डवर मृदंगासारखा कोरडा, पटकन विझणारा टोन ठेवा, पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि स्वरांमधलं अंतर सारखं राहतं का ते डोळे मिटून ऐका. राउटरची चाचणी असेल तर ती रात्री, शेजारपाजारचे सगळे फोन घरी आल्यावर घ्या.