युरेल ग्लोबल पास: मित्रांच्या गटाला कितपत उपयोगी?

युरोपात महिनाभर भटकायचंय आणि मार्ग अजून पक्का नाही, अशा गटाला हा पास मनापासून सुचवावासा वाटतो. 33 देशांतल्या रेल्वे एका पासावर खुल्या होतात. पास सुरू होईल त्या दिवशी वय 27 किंवा त्याहून कमी असेल, तर सवलतीचा यूथ पास मिळतो. गटातल्या 28 वर्षांच्या मित्राला मात्र पूर्ण दर.

खरी गोम आरक्षणात आहे. टीजीव्ही (फ्रान्सच्या वेगवान गाड्या), युरोस्टार (लंडनला पॅरिस-ब्रसेल्सशी जोडणाऱ्या गाड्या) आणि रात्रीच्या स्लीपर गाड्यांना पास असूनही वेगळं आरक्षण शुल्क भरावं लागतं, शिवाय पासधारकांच्या जागा मोजक्या. सहा जणांना एकाच गाडीतून जायचं असेल, तर आयत्या वेळी फजिती ठरलेली. आधी ही आरक्षणं, मगच हॉटेलं. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांत थेट चढता येतं, म्हणून तो टप्पा मोकळा ठेवा.

दोन महिन्यांत 10 प्रवासदिवस (म्हणजे हव्या तितक्या गाड्या धरता येतील असे दिवस) देणारा पास निवांत सहलीला पुरतो. रात्रीची गाडी सकाळी पोचली तरी सुटण्याचाच दिवस मोजतात. सकाळी उतरून दुसरी गाडी धरली, की मात्र नवा दिवस खर्च. पासपोर्ट जवळ हवा, आणि चढण्यापूर्वीच युरेलच्या ॲपमध्ये पासाला तो प्रवास जोडून क्यूआर कोड काढा.