आयएसओची झिप ऑनलाइन करून घेणं: काही महिन्यांचा वापर आणि साडेपाच तासांचं भांडण

एका गिऱ्हाइकाच्या लग्नात वरात निघाली संध्याकाळी पाचला आणि मंगलाष्टकं उरकली दुपारी दीडलाच. निदान आम्ही दिलेल्या झिपमध्ये तरी तसंच दिसत होतं. बाई पेनड्राइव्ह घेऊन दुकानात परत आल्या. "काहून भाऊ, नवरदेव यायच्या आधीच लग्न लावलं का जी तुम्ही?" त्या दिवशीच ठरवलं, डिस्कच्या आयएसओ फाइलची झिप करून देणाऱ्या या ऑनलाइन कन्व्हर्टरांबद्दल एकदा सविस्तर लिहायचं.

सक्करदऱ्याला आमचा फोटो स्टुडिओ. जुन्या लग्नांच्या सीड्या-डीव्हीड्या माळ्यावर होत्या. नागपूरचा उन्हाळा ४५ च्या वर जातो, तिथे डिस्कवरचा थर टिकणार किती? म्हणून सगळ्यांच्या इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढून हार्डडिस्कवर टाकल्या. बहुतेक आयएसओ, काही नेरो या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरच्या एनआरजी. आता गिऱ्हाईक म्हणतं, झिप द्या. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते हे मलाही माहीत आहे, पण फोनवर फोटो पाहणाऱ्या मावशींना त्याचा उपयोग काय? आणि दुकानातला पीसी दिवसभर अल्बमच्या डिझाइनला जुंपलेला, म्हणून काउंटरच्या जुन्या लॅपटॉपवरून ऑनलाइन.

या साइट दोन जातीच्या. एकीत फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढते, तिथे रूपांतर होतं, मग आपण उतरवून घ्यायची. दुसरीत सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये होतं, फाइल बाहेर जात नाही. साइट काय लिहिते त्यावर जाऊ नका. पान उघडल्यावर नेट बंद करा आणि मग फाइल टाका. काम झालं तर ती खरी दुसऱ्या जातीची. गिऱ्हाइकाच्या घरचे फोटो परदेशातल्या सर्व्हरवर चढवायचे आणि "२४ तासांत पुसतो" यावर विश्वास ठेवायचा, हे मला सुरुवातीपासून खटकत होतं. तरी पैसे भरले पहिल्याच जातीला, कारण मोठ्या फाइली फुकटात कोणी घेत नाही. क्रेडिटचं पॅक, साडेआठशे रुपये.

अपलोडचा हिशेब आधी करून ठेवा. पूर्ण भरलेली डीव्हीडी म्हणजे ४.७ जीबी. २० एमबीपीएसचा अपलोड सलग मिळाला तरी अर्धा तास लागतो. मे महिन्यात दुपारी कूलर चालू, व्होल्टेज खाली, लाइट एकदा लपकली की राउटर बंद, आणि अपलोड पुन्हा शून्यापासून. एवढं करून साइज कमी होईल अशी आशा असेल तर ती सोडा. जेपीईजी आणि डीव्हीडीतला एमपेग-२ व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, झिपनं त्यात फारसं काही निघत नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं, पण वेळ बदलणं नाही.

आयएसओमध्ये प्रत्येक फाइलची तारीख सात बाइटमध्ये असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, आणि सातवा बाइट जीएमटीपासूनच्या फरकाचा, १५-१५ मिनिटांच्या हिशेबानं. डिस्क लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरनं तो नीट भरला असेल तर भारतासाठी तिथे २२ येतं, म्हणजे साडेपाच तास. १९८८ च्या स्टँडर्डमधली ही गोष्ट. झिपचा मूळ तारखेचा रकाना मात्र डॉसच्या काळातला. त्यात टाइमझोनच नाही, सेकंदसुद्धा दोन-दोनच्या टप्प्यानं. फाइलची वेळ रूपांतर करणाऱ्या मशीनच्या टाइमझोनप्रमाणे जी होते, ती तिथे लिहिली जाते. सर्व्हर चालतो यूटीसीवर, म्हणजे जीएमटीच्याच वेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे. मग संध्याकाळी सातची मंगलाष्टकं दीडला जाऊन बसतात, आणि रात्री तीनची बिदाई आदल्या तारखेला साडेनऊला.

एकाच डिस्कवरचं सगळं सारखंच सरकलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्या लग्नात दोन कॅमेरे होते. दुसऱ्याचं काम थेट हार्डडिस्कवर होतं, त्याची वेळ बरोबर. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकून तारखेप्रमाणे लावलं की वरातीच्या आधी अक्षता. माझा भाचा म्हणतो, "मामा, फोटोच्या आत एक्झिफमध्ये खरी वेळ असते ना, कशाला डोकं लावता?" फोटोत असते, बाप्पा. पण डिस्कवरच्या त्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या एव्हीआय व्हिडिओ क्लिपांना विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये फाइलच्या तारखेशिवाय दाखवायला काही नाही. आणि मंगलाष्टकं क्लिपांमध्येच होती.

साइटच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ब्राउझरचं कॅश साफ करा. पुन्हा लिहिलं, स्क्रीनशॉट जोडले. उत्तर आलं, तुमच्या कॉम्प्युटरचा टाइमझोन तपासा. माझा टाइमझोन कोलकाता, तो कधीपासून तसाच आहे! शेवटी चिडून बाइटचा हिशेब लिहून पाठवला, तेव्हा "टीमला कळवलं आहे". लाइट गेल्यानं अर्धवट राहिलेल्या कामांचे क्रेडिट मात्र कापलेच होते. भांडून त्यातले अर्धे परत मिळाले. बाकी अर्ध्यांबद्दल अजून मौन आहे.

आता थोडं मत बदलतो. तोपर्यंत मी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. मग त्याच साइटवर आउटपुटला झिपऐवजी सेव्हन-झेड हा झिपसारखाच दुसरा फॉरमॅट निवडला, आणि वेळ जागेवर! या फॉरमॅटमध्ये वेळ यूटीसी म्हणूनच साठवतात आणि उघडताना आपल्या घड्याळाप्रमाणे दाखवतात. टार नावाच्या तशाच फॉरमॅटमध्येही तेच. म्हणजे आयएसओ वाचताना साइट तो सातवा बाइट नीट वाचत होती, माती झिप लिहिताना होत होती. हे सपोर्टवाल्यांना सांगता आलं नाही, मला सुट्टीच्या दिवशी बसून शोधावं लागलं.

फक्त सेव्हन-झेड गिऱ्हाइकाला दिलं की फोन येतो, फाइल उघडत नाही. विंडोज ११ ला २०२३ च्या अपडेटनंतर ते आपोआप उघडतं, विंडोज १० ला सॉफ्टवेअर टाकावं लागतं, फोनवर ॲप. मावशींना हे समजावण्यापेक्षा पोहे खाऊन यावं.

ब्राउझरवाल्या जातीचं सांगायचं राहिलं. सातशे एमबीच्या सीडीसाठी ती उत्तम, फुकट, आणि घड्याळ आपल्याच मशीनचं असल्यानं मी वापरली तिच्यात वेळ बरोबर आली. डीव्हीडी टाकली की टॅब मरतो. अशा साइट ज्या ३२ बिटी वेबअसेम्ब्लीवर (ब्राउझरमध्येच जड काम चालवायची सोय) चालतात तिला ४ जीबीच्या वर मेमरी घेताच येत नाही, आणि आमच्या लॅपटॉपला तर रॅमच ४ जीबी. अशी साइट खरी कामाची तिथे, जिथे मशीनवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत, ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये. बाकी स्वतःचा पीसी असेल तर सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर टाका. १९९९ पासूनचं आहे, फुकट आहे, आयएसओ सरळ उघडतं. मी आता रात्री दुकान बंद करताना अल्बमच्या पीसीवर तेच लावून जातो. लाइट गेली तरी अपलोडचं रडगाणं नाही.

आणखी एक. बूट होणारी आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची वगैरे, झिप करू नका. फाइली सगळ्या येतात, पण बूटची माहिती फाइलींच्या बाहेर असते, ती मागे राहते. शेजारच्या मोबाइलवाल्यानं करून पाहिलं, पेनड्राइव्ह काही केल्या चालू होईना.

मग पैसे पाण्यात गेले का? पूर्ण नाही. एनआरजी सेव्हन-झिप उघडत नाही, आणि त्या पैसेवाल्या साइटनं माझ्या सगळ्या एनआरजी एकही कुरकुर न करता उलगडल्या. तेवढ्यासाठी तीन तारे. क्रेडिटची मुदत मार्चपर्यंत आहे. तोवर उरलेल्या एनआरजी चढवून घेतो, सेव्हन-झेडमध्ये, पहाटे, व्होल्टेज बरं असतं तेव्हा. नवं पॅक घेणार नाही.