रोबोटिक की ओपन? किडनी वाचवून गाठ काढायची तर
काकांच्या किडनीत ४ सेंमीच्या आतली गाठ आहे आणि ती रोबोटने काढायची की ओपन, म्हणजे मोठा काप देऊन, यावर घरात रोज खल चाललाय म्हणालास, म्हणून लिहितेय. रोबोट स्वतः काही कापत नाही रे, कन्सोलवर, म्हणजे त्याच्या कंट्रोल-टेबलावर, बसलेला सर्जनच त्याचे हात चालवतो. खर्चात ओपन स्वस्त. दुखणं, रक्त जाणं, अ‍ॅडमिट राहणं यात रोबोट सरस, कुशीत मोठा काप नाही ना. कॅन्सर निघण्यात दोन्ही साधारण सारखेच. खरी गोम क्लॅम्पची, म्हणजे किडनीची रक्तवाहिनी बंद करणाऱ्या चिमट्याची. रक्त थांबवलं की किडनीला इजा होऊ नये म्हणून साधारण २५-३० मिनिटांत गाठ कापून टाके घालून मोकळं व्हायचं असतं, ओपनमध्ये निदान किडनी थंड ठेवून थोडा जास्त वेळ मिळवायला तिच्याभोवती बर्फ तरी सहज भरता येतो. म्हणून किडनी एकच असेल, गाठ आत रुतलेली असेल तर मुरलेल्या हाताचं ओपन बरं. बाहेरच्या बाजूला छोटी गाठ, इन्शुरन्स आहे, लवकर कामावर जायचंय, तर रोबोट. हॉस्पिटलच्या पोस्टरवरचं सोड, सर्जनने अशा किती केल्यात ते तोंडावर विचार.