सल्फाइडचे क्षार की संथ दाता? हायड्रोजन सल्फाइडवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

हायड्रोजन सल्फाइडच्या जैविक कार्यावर प्रयोग करायचे ठरले, की सर्वांत आधी एक निवड करावी लागते: पेशींना किंवा प्राण्यांना हा वायू द्यायचा कसा? सोडियम हायड्रोसल्फाइड आणि सोडियम सल्फाइड हे क्षार स्वस्त आहेत, पाण्यात क्षणात विरघळतात आणि या क्षेत्राचा बहुतेक पाया त्यांच्यावरच रचला गेला आहे. दुसरीकडे जीवायवाय ४१३७ हे संयुग आहे, जे तोच वायू तासन्‌तास, थोडा थोडा सोडत राहते, म्हणून त्याला संथ दाता म्हणतात. मी दोन्ही वापरली आहेत आणि आता माझा कल एका बाजूला आहे, तो लपवणार नाही. मात्र दुसऱ्या बाजूची जागा कुठे आहे हेही सांगेन. सीबीएस, सीएसई आणि ३-एमएसटी ही शरीरात हा वायू तयार करणारी विकरे (एन्झाइम) आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ही निवड इतकी महत्त्वाची का ठरते, ते या रेणूच्या स्वभावात आहे. अल्प प्रमाणात असताना तो मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांना, चक्क इंधन पुरवतो, कारण सल्फाइड-क्विनोन ऑक्सिडोरिडक्टेज हे विकर त्याचे इलेक्ट्रॉन काढून श्वसनसाखळीत घालते. प्रमाण वाढले, की तोच रेणू त्याच साखळीच्या शेवटी असलेल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेजला अडवतो आणि श्वसन थांबवतो. त्यामुळे ‘किती दिला’ या प्रश्नाइतकाच ‘किती वेगाने दिला’ हा प्रश्न मोलाचा आहे. एका प्रयोगात दाह कमी होतो आणि दुसऱ्यात वाढतो, एका ठिकाणी पेशी तगतात आणि दुसरीकडे मरतात, अशा विसंगती या विषयात पदोपदी भेटतात. त्यांतल्या बऱ्याचशा, मला वाटते, जीवशास्त्रातून आलेल्या नसून देण्याच्या पद्धतीतून आलेल्या आहेत.

क्षारांचे ऋण आधी मान्य करायला हवे. १९९६ मध्ये आबे आणि किमुरा यांनी हा वायू मेंदूत तयार होतो आणि चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहींचा (रिसेप्टर) प्रतिसाद वाढवतो असे दाखवले, तेव्हा त्यांच्या हाती सोडियम हायड्रोसल्फाइडच होते. २००१ मध्ये रुई वांग यांच्या गटाने रक्तवाहिन्या सैल होण्यामागे पेशीपटलातील के-एटीपी नावाच्या पोटॅशियम वाहिन्या उघडण्याची क्रिया आहे हे पुढे आणले. २००७ मध्ये उंदरांच्या हृदयातील रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केल्यावर होणारी इजा सोडियम सल्फाइडने कमी होते, हेही दिसले. सीएसईचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढतो, या २००८ च्या निष्कर्षाने हा रेणू शरीरात खरोखर काम करतो याबद्दलची शंका बरीच मिटवली. जिथे प्रतिसाद सेकंदांत किंवा फार तर काही मिनिटांत येतो, म्हणजे वाहिन्यांचे विद्युत्‌मापन किंवा रोहिणीच्या कड्यावरील ताणाची नोंद, तिथे क्षारांना आजही तोड नाही. संथ दाता अशा ठिकाणी वापरणे म्हणजे नोंदयंत्रासमोर बसून वाट पाहत राहणे.

आता क्षारांच्या मात्रेविषयी. जुन्या प्रबंधांतून शंभर ते तीनशे मायक्रोमोलर ही मात्रा जणू परंपरेने चालत आली आहे, आणि तिला आधार होता मेथिलीन ब्लू पद्धतीने काढलेल्या आकड्यांचा. त्या पद्धतीत तीव्र आम्ल वापरले जाते आणि ते प्रथिनांच्या लोह-गंधक समूहांत बांधलेले सल्फाइडही मोकळे करते. त्यामुळे मेंदूतील प्रमाण ५० ते १६० मायक्रोमोलर असल्याचे मानले जाऊ लागले. २००८ मध्ये वायुरूपातील सल्फाइड थेट मोजले गेले, तेव्हा उंदराच्या मेंदूत आणि यकृतात मुक्त सल्फाइड सुमारे १५ नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे मायक्रोमोलरचा हजारावा भाग) एवढेच आढळले. म्हणजे नैसर्गिक पातळीचे अनुकरण म्हणून जी मात्रा दिली जात होती, ती प्रत्यक्षात तिच्या हजारो पट होती. क्षारांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की दिलेल्यापैकी बराच वायू पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच उडून जात असे, त्यामुळे अनर्थ काहीसा टळला असावा. पण हा बचाव क्षारांचे कौतुक म्हणून मांडता येत नाही.

हे ‘उडून जाणे’ हेच माझ्या निर्णयाचे कारण आहे. सामू (पीएच) ७.४ असताना द्रावणातील साधारण एक चतुर्थांश सल्फाइड वायूच्या रूपात असते आणि उरलेले हायड्रोसल्फाइड आयनाच्या रूपात. वायू हवेत गेला की समतोल साधण्यासाठी आयनांतून नवा वायू बनतो आणि तोही जातो. उघड्या कल्चर प्लेटमधून अशा रीतीने निम्मे सल्फाइड जायला सुमारे पाच मिनिटे पुरतात. हवेचे बुडबुडे सोडलेल्या पात्रात तर तेवढीही लागत नाहीत. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये एका टोकापासून द्रावण घालत शेवटच्या रांगेपर्यंत यावे, तोवर पहिल्या रांगेचा हिशेब बदललेला असतो. एवढ्यावर भागले असते तर मी तक्रार केली नसती, कारण चपळ हाताने आणि बहुमुखी पिपेटने तो फरक आटोक्यात ठेवता येतो.

खरा त्रास पुढे आहे. एका वेलमधून निघालेला वायू झाकणाखालच्या हवेत राहतो आणि तिथून शेजारच्या वेलमधील मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) विरघळतो. म्हणजे ज्या वेलमध्ये काहीही घातलेले नाही, ज्यांच्याशी ताडून आपण परिणाम सांगणार आहोत, त्या कंट्रोल वेललाच सल्फाइडचा एक अनाहूत वाटा मिळतो. मला हे कळले ते कंट्रोलच्या विचित्र वागण्यावरून: जास्त मात्रेच्या रांगेला लागून असलेले कंट्रोल आणि प्लेटच्या दूरच्या कोपऱ्यातील कंट्रोल एकमेकांशी जुळत नसत, आणि तेच कंट्रोल वेगळ्या प्लेटमध्ये ठेवले की पुन्हा शहाण्यासारखे वागत. प्लेटमधील हवेतला वायू मी संवेदकाने मोजलेला नाही, त्यामुळे याला पुरावा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; पण एकदा हे लक्षात आल्यावर क्षारांवरचा माझा विश्वास पूर्ववत झाला नाही. उपाय आहेत, नाही असे नाही. प्रत्येक मात्रेला स्वतंत्र प्लेट घेता येते. पण मग प्लेटा वाढतात आणि इन्क्युबेटरची हवा तरी सामाईकच राहते. चिकटपट्टीने प्लेट बंद करावी, तर ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची ये-जा रोखली जाते, आणि मग दिसलेला परिणाम सल्फाइडचा की गुदमरण्याचा, हा नवाच वाद सुरू होतो. शिवाय पेशींना दिवसभर सल्फाइडमध्ये ठेवायचे असेल, तर क्षार पुन्हा पुन्हा घालावे लागतात. दर वेळी एक उंच लाट आणि मागोमाग कोरड.

क्षारांविषयी आणखी एक बारीक कुरबूर आहे. स्फटिक हवेत उघडे राहिले की त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि द्रावण पिवळसर दिसू लागते. तो रंग पॉलिसल्फाइडचा. प्रथिनांतील सिस्टीनवर गंधकाचा जादा अणू बसवण्याचे, म्हणजे पर्सल्फाइडेशनचे काम पॉलिसल्फाइड थेट करू शकतात, हायड्रोजन सल्फाइड एकटा ते करू शकत नाही. तेव्हा जुन्या बाटलीतील क्षाराने मिळालेला सुंदर निकाल नेमका कोणाचा, हे सांगणे अवघड होते. निर्जल सोडियम सल्फाइड त्यामानाने शुद्ध मिळते, आणि क्षारच वापरायचे असतील तर मी तेच सुचवीन.

जीवायवाय ४१३७ ची माहिती २००८ मध्ये फिलिप मूर यांच्या गटाने प्रसिद्ध केली. ते पाण्यात विरघळते आणि जलविघटनाने हळूहळू वायू सोडते. या दोहोंतला फरक २०११ मध्ये झालेल्या कर्करोगाच्या पेशींवरील कामातून लख्ख दिसतो. मीडियममध्ये ४०० मायक्रोमोलर सोडियम हायड्रोसल्फाइड घातल्यावर सल्फाइडची पातळी वीस मिनिटांत शिखरावर गेली आणि नव्वद मिनिटांत दिसेनाशी झाली. तेवढ्याच मात्रेतल्या जीवायवाय ४१३७ ने मात्र वीस मायक्रोमोलरच्या खालची पातळी सात दिवसांपर्यंत टिकवली, आणि कर्करोगाच्या पेशी मारण्यात हे मंद देणेच अधिक प्रभावी ठरले. सामान्य फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींना त्याची झळ लागली नाही. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींतील २०१० च्या तुलनेतही हेच दिसते: संथ दात्याने दाहकारक रेणू मात्रेनुसार उतरत गेले, तर क्षाराचा परिणाम दुहेरी निघाला आणि जास्त मात्रेत तेच रेणू वाढले. माझ्या प्लेटांपुरते बोलायचे तर जीवायवाय वापरू लागल्यापासून कंट्रोल वेल एकमेकांशी भांडायचे थांबले, आणि हूड (वायू बाहेर खेचणारे कपाट) उघडताच येणारा कुजक्या अंड्यांचा वास जवळजवळ गेला. वास हे अर्थात माप नव्हे, आणि सुरक्षेसाठी तर त्याच्यावर मुळीच विसंबू नये, कारण शंभर पीपीएमच्या आसपास नाकाची संवेदनाच बधिर होते.

हे संयुग निर्दोष आहे असे मात्र समजू नये. बाजारात ते अनेकदा डायक्लोरोमेथेनसह बांधलेल्या रूपात मिळते, आणि डायक्लोरोमेथेनचे शरीरात कार्बन मोनॉक्साइड बनते. एका वायूरूपी संदेशवाहकाचा अभ्यास करताना दुसरा नकळत मिसळणे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, विशेषतः प्राण्यांवरील प्रयोगांत. दुसरी अडचण सामूची आहे: माध्यम आम्लधर्मी झाले की वायू सुटण्याचा वेग वाढतो, त्यामुळे ज्या गाठीचा किंवा ऊतीचा परिसर आधीच आम्लधर्मी आहे, तिथे आपण ठरवलेला दर कागदावरच राहतो. तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. वायू इतका मंद सुटतो, की दिलेल्या रेणूंतील फार मोठा हिस्सा पेशींसमोर अखंड अवस्थेत उभा असतो, आणि दिसलेला परिणाम त्या अखंड रेणूचा नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. एपी३९ हा दाता त्याला जोडलेल्या ट्रायफेनिलफॉस्फोनियम या धनप्रभारित गटाच्या साह्याने थेट मायटोकाँड्रियात जातो आणि नॅनोमोलर मात्रेत काम करतो. प्रश्नच मायटोकाँड्रियाचा असेल तर त्याचा विचार जरूर करावा, पण सर्वसाधारण दाता म्हणून तो नव्हे. लसणातील डायअ‍ॅलिल ट्रायसल्फाइड ग्लुटाथिओन या पेशीतील अँटिऑक्सिडंटच्या उपस्थितीत वायू सोडते, हे २००७ मध्ये मानवी तांबड्या पेशींत दाखवले गेले आहे. तथापि ते पेशीतील ग्लुटाथिओन स्वतःच खर्च करत असल्याने त्याचे निष्कर्ष उलगडणे जिकिरीचे जाते.

ज्यांची नजर औषधावर आहे, त्यांच्यासाठी तराजू संथ दात्याकडे आणखी थोडा झुकतो. २००५ मध्ये ८० पीपीएम वायू हुंगवलेल्या उंदरांचा चयापचय सहा तासांत सुमारे ९० टक्क्यांनी मंदावला आणि मोठी खळबळ उडाली. पण मोठ्या प्राण्यांत तो परिणाम तसा उतरला नाही. शिरेतून द्यायचे सोडियम सल्फाइड मानवी चाचण्यांपर्यंत गेले, परंतु औषध म्हणून स्थिरावले नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सल्फाइडचा स्रोत म्हणून सोडियम थायोसल्फेट देणाऱ्या चाचणीत हृदयस्नायूच्या इजेचा विस्तार कमी झाला नाही. आशा जिथे दिसली ती वायू औषधाच्या रेणूलाच जोडण्यात: नॅप्रोक्सेन या वेदनाशामकाला दाता जोडून बनवलेल्या ओटेनाप्रॉक्सेसुलच्या २०१८ च्या चाचणीत जठरातील व्रण २.५ टक्के स्वयंसेवकांत आढळले, साध्या नॅप्रोक्सेनवर ते ४२.१ टक्के होते. पुढे यकृताची विकरे वाढल्याने त्या औषधाची वाट बिकट झाली, हे खरे. तरीही या वाटेवर जे काही टिकले ते सावकाश आणि जागच्या जागी देणारे आहे, आणि प्रयोगशाळेतील दाताही त्याच जातीचा असलेला बरा, असे माझे नम्र मत आहे.

तेव्हा प्रतिसाद मिनिटांत मोजायचा असेल, पात्र लहान आणि बंद असेल, तर ताजे बनवलेले निर्जल सोडियम सल्फाइड घ्यावे आणि द्रावण त्याच तासाला संपवावे. प्रयोग तासांचा किंवा दिवसांचा असेल, प्लेट वापरायची असेल, किंवा प्राण्यांना रोज मात्रा द्यायची असेल, तर मी जीवायवाय ४१३७ कडेच वळेन. मागणी नोंदवताना डायक्लोरोमेथेनविरहित रूप आहे का ते आधी विचारावे, आणि ते मिळत नसेल तर तेवढेच डायक्लोरोमेथेन असलेला एक कंट्रोल ठेवावा. त्याच्या जोडीला आणखी दोन कंट्रोल लागतील: एक, वायू पूर्ण निघून जाईपर्यंत ठेवून दिलेले जीवायवायचेच द्रावण; दुसरा, झेडवायजे ११२२ हे गंधक नसलेले समरूप संयुग. दुसरा सहज मिळेलच असे नाही, पण पहिल्यासाठी लागतो तो फक्त वेळ, म्हणून ते द्रावण मुख्य प्रयोगाच्या बऱ्याच आधी बनवून हूडमध्ये उघडे ठेवावे.